सवलत समाजाची, अट कोणाची?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता छावणी ओलांडून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो. पूर्वेकडचा जालना रस्ता चिकलठाण्याची वसाहत मागे टाकून शेंद्र्याला पोहोचतो. दक्षिणेकडे रेल्वे स्थानकावरून पैठणच्या वाटेला लागले, की बिडकीन येते. वाळूजला १९८५ पासून दुचाकी व तीनचाकी वाहने तयार होत आली आहेत, शेंद्र्याला २००१ पासून मोटारगाड्या जोडल्या जात आहेत आणि बिडकीनच्या शिवारात नव्या वाहनप्रकल्पांची आखणी चालू आहे. मराठवाड्यातील मोटार-उद्योगाचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य ह्या एका चौकातून निघालेल्या तीन रस्त्यांवर पसरलेले आहेत. चौकाला 'क्रांती' हे नाव मात्र ह्या उद्योगामुळे मिळालेले नाही. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या सैनिकांना येथील काळ्या चबुतऱ्यावर देहान्त शासन दिले गेले, त्याची ती आठवण आहे.

सकाळच्या पाळीच्या वेळी कंपन्यांच्या बस जालना रस्त्याने धावू लागतात. त्यांतून जाणारे आणि स्वतःच्या मोटारसायकलीवरून जाणारे कामगार एकाच वयाचे आणि एकाच प्रकारच्या कामाचे असतात. परंतु त्यांतील एक कायम असतो, दुसरा ठेकेदाराकडचा, तिसरा शिकाऊ म्हणून नोंदलेला. वार्षिक औद्योगिक पाहणीच्या आकड्यांनुसार देशातील कारखान्यांत ह्या शतकाच्या आरंभी दर पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये दर दहांमागे चार कंत्राटी झाले. मागास विभागाचा विकास व्हावा म्हणून समाजाने ज्या उद्योगाला जमीन, पाणी, रस्ता आणि करमाफी दिली, त्या उद्योगावर समाजाने कोणती अट घातली आणि ती पाळली जाते की नाही हे कोण पाहते, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

सार्वजनिक चाक आधी आले

मराठवाड्याच्या रस्त्यावरील मोटार-वाहतुकीचा इतिहास खाजगी कंपनीपासून मोजण्याची सवय अलीकडची आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, १९३२ साली, त्या राज्याच्या रेल्वेने २७ बस घेऊन स्वतःचे रस्ता-वाहतूक खाते सुरू केले. राजवट सरंजामी होती, तिच्याविषयी ममत्व बाळगण्याचे कारण नाही; परंतु प्रवासी वाहतूक ही राज्याची जबाबदारी होय, हे तत्त्व तिने मानले होते. मुंबई राज्यात पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर ह्यांच्या दरम्यान धावली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे चिकलठाण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली. दापोडी आणि नागपूरच्या हिंगण्याप्रमाणे येथेही बसचे सांगाडे बांधले जाऊ लागले. म्हणजे वाळूजला स्कूटर तयार होण्यापूर्वी ह्या शहराला वाहन बांधण्याचे कौशल्य होते आणि ते सार्वजनिक मालकीच्या कारखान्यात होते. शेतकऱ्याची मुलगी महाविद्यालयात पोहोचली ती ह्याच एस.टी.ने. तिचे मोल नफ्या-तोट्याच्या वहीत कधीच पुरते उतरले नाही.

देशपातळीवरील इतिहासातही अट हा शब्द महत्त्वाचा ठरलेला आहे. भारतात मोटारी तयार व्हाव्यात म्हणून विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात आराखडा केला होता आणि सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांनी तो प्रत्यक्षात आणण्याची धडपड केली. ब्रिटिश सरकारचे सहकार्य त्यांना मिळाले नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन होण्यास १९४४ साल उजाडले. जनरल मोटर्सने तर १९२८ पासूनच मुंबईत शिवडीला परदेशी भाग जोडून गाड्या विकण्यास प्रारंभ केला होता. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशीवरून केंद्र सरकारने असे ठरविले, की ज्यांच्यापाशी देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम असेल त्यांनाच येथे वाव राहील. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. त्या गेल्याने देश बुडाला नाही. त्या अटीमुळेच पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कुर्ला, पिंपरी, चिंचवड येथे सुट्या भागांचे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि खराद्यावर काम करणाऱ्या कारागिरांची एक पिढी तयार झाली.

ह्या धोरणाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. देशी उत्पादकाला संरक्षण मिळाले, पण गुणवत्ता आणि किंमत ह्यांविषयीची शिस्त त्याला लावली गेली नाही. बजाज ऑटोने १९६० साली इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने स्कूटर तयार करण्यास प्रारंभ केला. ते सहकार्य १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये 'चेतक' आली. तिला मागणी प्रचंड होती, परंतु उत्पादन वाढविण्यास परवाना हवा होता आणि तो वेळेवर मिळत नव्हता. पैसे भरून नाव नोंदविलेला शिक्षक किंवा कारकून वर्षानुवर्षे थांबत असे. मुलीच्या जन्मावेळी नोंदविलेली स्कूटर तिच्या लग्नात मिळते, असे लोक थट्टेने म्हणत. ज्या अटी उत्पादकाला घालायच्या त्या ग्राहकाला घातल्या गेल्या, हे परवाना-पद्धतीचे अपयश होते. समाजवाद म्हणजे रांग, असा समज मध्यमवर्गात पसरला त्याचे एक कारण ही स्कूटरची रांग आहे. हे अपयश मान्य केल्यावाचून आजच्या अनिर्बंध पद्धतीवर टीका करण्याचा नैतिक अधिकार मिळत नाही.

वाळूज : एका पिढीची कमाई

मराठवाड्यात उद्योग आले ते कोणाच्या कृपेने नव्हे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. रोजगार, सिंचन, रुंदमापी रेल्वे ह्या मागण्यांनी सारा विभाग ढवळून निघाला. गोविंदभाई श्रॉफ ह्यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातील नेत्यांनी तो प्रश्न पुढे अनेक वर्षे लावून धरला. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि मराठवाड्याचा अनुशेष आकड्यांत मांडला. मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना प्रोत्साहन देण्याची राज्याची योजना १९६४ पासून होतीच. ह्या पार्श्वभूमीवर १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले. त्याच वर्षी लहान प्रमाणावर सुरू झालेली एक संस्था पुढे एन्ड्युरन्स ह्या नावाने युरोपात कारखाने चालवू लागली.

ह्या कारखान्यांनी जे दिले ते थोडे नाही. गंगापूर, पैठण, फुलंब्री, अंबड येथील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आणि भूमिहीनांच्या मुलांना आयुष्यात प्रथमच महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार मिळाला. भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा, दवाखाना हे शब्द घरात आले. गावच्या व्यवस्थेत ज्याला जातीमुळे वेशीबाहेर राहावे लागत होते, तो यंत्रापाशी दुसऱ्याच्या शेजारी उभा राहिला. बजाजनगर, सिडको ह्या वस्त्यांतील दोन खोल्यांच्या घरांतून मुले अभियांत्रिकीला गेली. १९७१ साली दीड लाखाच्या आसपास लोकसंख्या असलेले शहर २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर पोहोचले, त्यामागे वाळूज आणि चिकलठाण्याची ही ओढ आहे. १९१४ साली हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर वेतन जाहीर केले, तेव्हा कामगार टिकावा हा त्याचा व्यावहारिक हेतू होता. तरी त्यातून अमेरिकेत गाडी बनविणारा कामगार पुढे गाडी घेऊ शकला. वाळूजच्या कायम कामगाराने स्वतः जोडलेली स्कूटर दारात उभी केली, हे त्याच प्रकारचे परिवर्तन होते.

तथापि हे परिवर्तन कायम नोकरीवर उभे होते आणि तीच नोकरी पुढे विरळ होत गेली. १९९३ मध्ये मोटारगाड्यांच्या उत्पादनावरील परवाना-बंधन उठले. चेकोस्लोव्हाकियातील सरकारी मालकीची स्कोडा कंपनी १९९१ मध्ये फोक्सवॅगनच्या गटात गेली आणि दहा वर्षांनी तिचा कारखाना शेंद्र्याला आला. १९६० च्या दशकात कोणी काय तयार करावे हे दिल्लीत ठरत होते. आता कोठे कारखाना काढावा हे कंपनी ठरवू लागली आणि राज्ये सवलतींची ताटे घेऊन तिच्या दारी उभी राहू लागली. उत्तराखंडमध्ये करसवलती मिळत असताना बजाज ऑटोचा पंतनगरचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबले. कंपनीच्या हिशेबात ह्यात वावगे काही नसेल. परंतु एका मागास भागाला दिलेली सवलत दुसऱ्या भागातील कामगाराच्या भाकरीवर येते, तेव्हा सवलतीचा हिशेब राष्ट्राने मांडावयास हवा.

दीडशे गाड्या आणि एक ट्रॅक्टर

ऑक्टोबर २०१० मध्ये ह्या शहरातील व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी विकत घेतल्या. त्यांची किंमत सुमारे ६५ कोटी रुपये होती आणि त्यांपैकी सुमारे ४४ कोटींचे कर्ज एका सार्वजनिक बँकेने ७ टक्के व्याजाने दिले. ह्याच काळात ट्रॅक्टरसाठी कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याला १२ टक्के आणि त्याहून अधिक व्याज भरावे लागत होते, हे पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी त्या वेळी निदर्शनास आणले. शहराच्या प्रतिष्ठेचे प्रतीक म्हणून त्या खरेदीचे कौतुक झाले. मर्सिडीज घेणाऱ्यांच्या हौसेशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. भांडण आहे ते सार्वजनिक पतपुरवठ्याच्या अग्रक्रमाशी. ट्रॅक्टर हेही मोटारवाहनच आहे. त्यातून धान्य पिकते. ज्याची परतफेडीची ऐपत मोठी त्याला पैसा स्वस्त आणि ज्याची ऐपत पावसावर अवलंबून त्याला महाग, हा बँकेचा नियम असेल. राष्ट्रीयीकरण मात्र हा नियम बदलण्यासाठी झाले होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये भारतातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे आठ कुटुंबांकडे मोटारगाडी होती. रस्ते रुंद होतात, उड्डाणपूल उभे राहतात, ते प्रामुख्याने ह्या आठांसाठी. उरलेल्यांपैकी ज्यांना शक्य आहे ते कर्ज काढून दुचाकी घेतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत शेकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती आणि पायी चालणारे शेकडा एकोणीसांहून अधिक होते. दुचाकीची राजधानी म्हणविणाऱ्या ह्या शहरात महापालिकेच्या क्षेत्रासाठी जानेवारी २०१९ च्या सुमारास शहर बससेवा नव्याने सुरू झाली, ती शंभर बसच्या योजनेवर. २०११ ची लोकसंख्या धरली, तरी एका बसमागे सुमारे बारा हजार नागरिक येतात. बस नाही म्हणून मोटारसायकल घ्यावी लागते आणि मोटारसायकल आहे म्हणून बसची मागणी दुबळी पडते. उद्योगाला हे चक्र सोयीचे आहे. कामगाराच्या पगारातील हप्ता त्यातून वजा होतो.

ह्या विषमतेचे सर्वांत विदारक दृश्य शेंद्र्यापासून थोड्याच अंतरावर दिसले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. टाळेबंदीत काम बंद पडल्यावर जालन्याच्या पोलाद कारखान्यातील हे मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी पायी निघाले होते. ज्या पट्ट्यात वर्षाला लक्षावधी चाके तयार होतात, त्या पट्ट्यात त्यांच्यासाठी एक चाकही फिरले नाही.

चौकातून निघालेला मोर्चा

९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा ह्याच क्रांती चौकातून निघाला. कोपर्डीच्या अत्याचाराचा निषेध हे त्याचे तात्कालिक निमित्त होते. पण आरक्षणाच्या मागणीमागे शेतीची दुर्दशा आणि नोकरीची टंचाई उभी होती. बरोबर दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट २०१८ च्या बंदमध्ये, वाळूजच्या वसाहतीत जमावाने अनेक कारखान्यांची मोडतोड केली. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही आणि मोर्चाच्या संयोजकांनी तिच्याशी संबंध नाकारला. तरीही एक प्रश्न उरतोच : जो कारखाना एके काळी गावाची आशा होता, त्याच्या फाटकावर गावातल्या तरुणाच्या हातून दगड का पडावा? ज्याच्या वडिलांची जमीन वसाहतीत गेली आणि ज्याला त्याच वसाहतीत सात महिन्यांचे कंत्राट मिळते व आठव्या महिन्यात घरी बसावे लागते, त्याला तो कारखाना आपला वाटत नाही. आरक्षण सरकारी नोकरीत मिळेल. ज्या खाजगी उद्योगावर सवलतींचा वर्षाव झाला त्यात कायम नोकरी मागण्याचे व्यासपीठ मात्र ह्या तरुणाला कोणी उपलब्ध करून दिले नाही. कामगार संघटना दुबळ्या झाल्या आणि त्यांची जागा जातीच्या संघटनांनी घेतली, ही औद्योगिक धोरणाचीही निष्पत्ती आहे.

आता बिडकीनकडे वळावे. जून २०२४ मध्ये एथर कंपनीने तेथे विजेवरील दुचाकींचा प्रकल्प जाहीर केला : गुंतवणूक सुमारे २,००० कोटी रुपये, रोजगार सुमारे ४,०००. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला : गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी, प्रत्यक्ष रोजगार सुमारे ८,०००. घोषणेतले आकडे खरे मानले, तरी पहिल्या प्रकल्पात एका रोजगारामागे ५० लाख आणि दुसऱ्यात अडीच कोटी रुपये गुंतवणूक येते. अशा भांडवल-प्रधान उद्योगाकडून बेकारी हटेल, ही अपेक्षाच अर्थशास्त्राला धरून नाही. शिवाय विजेच्या वाहनात इंजिन, गिअर, सायलेन्सर नसतात. फिरणारे भाग फार कमी असतात. इंजिनासाठी ओतीव काम, झडपा, दंतचक्रे करणाऱ्या वाळूज-चिकलठाण्याच्या लहान कारखान्यांचे काय होणार, ह्याचा विचार बिडकीनच्या समारंभांतून ऐकू येत नाही. 'चेतक' हे नाव २०२० मध्ये विजेच्या स्कूटरवर परत आले. तिच्या जुन्या इंजिनाचे भाग करणारा कारागीर त्या नावाबरोबर परत येत नाही.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल, की अटी घातल्या तर उद्योग दुसऱ्या राज्यात जातील. २००८ मध्ये नॅनोचा प्रकल्प सिंगूर सोडून साणंदला गेला, तो धडा पुरेसा आहे. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु सिंगूरचा धडा वेगळा आहे : जमीन देणाऱ्याची संमती गृहीत धरली, की प्रकल्पच उभा राहत नाही. शिवाय राज्याराज्यांतील सवलतींची चढाओढ थांबविणे हे केंद्राचे काम आहे. सवलतीची कमाल मर्यादा आणि कामगार-हक्कांची किमान मर्यादा देशभर एक ठेवली, तर कंपनीला पळण्यास जागा उरत नाही. १९५३ मध्ये नवस्वतंत्र आणि गरीब देशाने जे धैर्य दाखविले, ते आज जगातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक असलेल्या देशाला जड जाऊ नये.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. राज्य वस्तू व सेवा कराचा परतावा गुंतवणुकीच्या रकमेवर न देता वर्षभर टिकलेल्या कायम नोकऱ्यांच्या संख्येवर द्यावा. जेथे कायम काम आहे तेथे कंत्राटी कामगार आढळल्यास तो रोखावा. जमीन देणाऱ्या गावांतील मुलामुलींना प्रकल्प सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तयार करण्याचा खर्च प्रकल्पाने उचलावा. सवलतींचा ठरावीक हिस्सा शहर बस आणि एस.टी.कडे वळवावा, विजेच्या बस भाड्याने घेण्याऐवजी त्यांची बांधणी चिकलठाण्याच्या कार्यशाळेत करावी, म्हणजे वाळूजच्या लघुउद्योगांनाही नवे काम मिळेल. जायकवाडीचे पाणी उद्योगाला देताना, ज्या शहराला नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते त्या शहराचा हक्क आधी मानावा.

ह्यांतील एकही मागणी मोटार-उद्योगाच्या विरुद्ध नाही. वाळूजने एका पिढीला ताठ उभे राहण्याचे बळ दिले, म्हणूनच पुढच्या पिढीला ते नाकारले जाऊ नये असा हा आग्रह आहे. बिडकीनच्या प्रत्येक प्रकल्पाचा करार सोप्या मराठीत छापून, जमीन देणाऱ्या गावांच्या ग्रामसभांत वाचून दाखविला जावा : किती जमीन, किती पाणी, किती कर माफ आणि त्या बदल्यात किती कायम नोकऱ्या. एवढी माहिती देण्यास शासन तयार नसेल, तर ती मागण्यासाठी लोकांना पुन्हा क्रांती चौकात जमावे लागेल. आणि त्या वेळी जातीच्या झेंड्याऐवजी हजेरीपटावरील नावे त्यांना एकत्र आणू शकतील.